घरबसल्या स्पॅनिश

परकी भाषा शिकावयाची म्हणजे शिक्षक हवा, वर्ग हवा, ठराविक वेळी घराबाहेर पडण्याची सवड हवी, अशी आपली जुनी समजूत आहे. ती निराधार नव्हती. तथापि इंदूर, ग्वाल्हेर किंवा बेळगाव यांसारख्या शहरांतसुद्धा इंग्रजीखेरीज दुसऱ्या युरोपीय भाषेचा शिक्षक मिळविणे सोपे नसते. तालुक्याच्या गावी तर त्याची आशाच करू नये. उलट संगणक किंवा निदान मोबाईल आज घरोघरी आहे, आणि त्यावर स्पॅनिशचा प्राथमिक अभ्यासक्रम, पुष्कळदा एक पैसाही न देता, उतरवून घेता येतो. स्वयंपाक आटोपल्यावर किंवा कचेरीतून आल्यावर अर्धा तास त्याच्यासमोर बसणारी माणसे आपल्या परिचयात एक-दोन तरी असतीलच. कदाचित वाचकहो, आपणही त्यांपैकी असाल.

या साधनापासून अपेक्षा किती करावी, याविषयी मात्र दोन टोकांची मते ऐकू येतात. विकणारे म्हणतात, खेळता खेळता भाषा येईल. वर्गात शिकविणारे नाक मुरडून म्हणतात, हा केवळ खेळच आहे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. शिवाय मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिची दखल दोघांपैकी कोणीच घेत नाही. तिच्याकडे येण्यापूर्वी या साधनाची थोडी ओळख करून घेऊ.

स्पॅनिश ही जवळजवळ ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. स्पेन, मेक्सिकोपासून अर्जेंटिना-चिलीपर्यंतचे १८ देश आणि आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी मिळून २० राष्ट्रांचा कारभार तिच्यात चालतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांतही ती आहे. एवढा विस्तार असलेल्या भाषेसाठी शिकविण्याची यंत्रे लवकर तयार झाली यात नवल नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, मग ध्वनिफिती आल्या. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली 'प्लेटो' नावाची संगणकीय अध्यापनपद्धती सुरू झाली. घरच्या संगणकासाठी भाषाशिक्षणाचे जे कार्यक्रम पुढे निघाले, त्यांत 'रोझेटा स्टोन'चे नाव विशेष गाजले. ॲलन स्टोल्झफस या गृहस्थांना जर्मनीत राहून जर्मन भाषा सहज आली होती, पण वर्गात बसून रशियन शिकताना ते जेरीस आले. भाषांतर न करता, चित्र आणि शब्द यांची थेट सांगड घालून घरीच परदेशाचे वातावरण निर्माण करता येईल का, या विचारातून १९९२ साली व्हर्जिनियातील हॅरिसनबर्ग येथे त्यांची कंपनी स्थापन झाली. पुढे २०१२ साली 'ड्युओलिंगो' हा विनामूल्य कार्यक्रम सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लुईस फॉन आन हे ग्वाटेमालात जन्मलेले, म्हणजे स्पॅनिशच्या मुलुखातीलच.

बाह्य रूप निराळे असले तरी या सर्वांच्या पोटात एकच तत्त्व काम करीत असते, आणि ते आपल्या परंपरेला अगदी अपरिचित नाही. पाठशाळेतील विद्यार्थी एकदा संथा घेऊन थांबत नसे. तो आवृत्ती करीत असे. आवृत्ती केव्हा करावी, याचा शास्त्रीय शोध मात्र पाश्चात्त्यांनी घेतला. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेळात विसरले जातात याची मोजदाद केली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषाध्यापकाने १९६७ साली तिच्याच जोडीला एक वेळापत्रक सुचविले: नवा शब्द प्रथम ५ सेकंदांनी पुन्हा विचारावा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, १ तासाने, ५ तासांनी, १ दिवसाने, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी आणि शेवटी २ वर्षांनी. विसरण्याच्या उंबरठ्यावर असलेला शब्द पुन्हा आठवला की तो अधिक काळ टिकतो, हे यातील इंगित. एका शिक्षकाने तीस विद्यार्थ्यांचे असे तीस हिशोब ठेवणे अशक्य. संगणकाला ते क्षणाचे काम. यंत्राची खरी थोरवी येथे आहे. रंगीत चित्रे, टाळ्यांचे आवाज, सलग किती दिवस अभ्यास केला त्याचे आकडे, हा केवळ बाह्य थाट होय. त्याला भुलू नये, तसे त्याच्यावर रागावूही नये. रोज बसण्याची सवय लागण्यास त्याचा उपयोग होतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हे बहुतेक कार्यक्रम इंग्रजी जाणणाऱ्यासाठी रचलेले आहेत. त्यांतील सूचना इंग्रजीत, स्पष्टीकरण इंग्रजीत, भाषांतराचे प्रश्नही स्पॅनिशमधून इंग्रजीत. त्यामुळे मराठी माणूस बसतो स्पॅनिश शिकावयास आणि परीक्षा होते त्याच्या इंग्रजीची. वाक्याचा अर्थ त्याला नेमका कळलेला असतो. पण इंग्रजीत लिहिताना एखादे उपपद सुटते किंवा क्रियापदाचे रूप चुकते, आणि पडद्यावर तांबडी खूण उमटते. अशा खुणा पाहून ज्यांनी 'आपल्याला भाषाच येत नाहीत' असा स्वतःविषयी ग्रह करून घेतला, अशी शहाणीसुरती माणसे मी पाहिली आहेत. ज्या भाषेचा दोष नाही तिच्या माथी तो मारला गेला. भाषांतर हाच माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे मला हे फार खटकते. दोन माणसे एकमेकांशी सरळ बोलू शकत असता मध्ये दुभाषा कशाला?

आणि स्पॅनिश व मराठी खरोखरच पुष्कळ ठिकाणी सरळ बोलू शकतात. प्रथम उच्चार पाहा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ, आणि अक्षर पाहिले की उच्चार जवळजवळ ठरलेला. इंग्रजी भाषकाला ही शिस्त नवी असते. देवनागरीत वाढलेल्या मुलाला ती घरची वाटते. स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, म्हणजे आपल्या 'ताक' आणि 'दही' यांतल्यासारखे. पण रोमन लिपी दिसताच आपली जीभ इंग्रजीच्या सवयीने टाळूकडे वळते आणि आपण 'तोमाते'चा 'टोमाटे' करतो, 'माद्रिद'चे 'मॅड्रिड' करतो. इंग्रजी भाषकांना महत्प्रयासाने शिकावे लागणारे प, त, क हे अल्पप्राण ध्वनी आपल्या तोंडी जन्मापासून आहेत. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी आणि ऐकलेला प्रत्येक नवा शब्द प्रथम देवनागरीत लिहावा. एच हे अक्षर मुके असते, म्हणून 'ओला' लिहावे. नमस्काराचा हाच शब्द होय. व्ही आणि बी यांचा उच्चार एकच, म्हणून गायीला 'बाका' लिहावे. सीएच या जोडाक्षराचा च 'चिंच' शब्दातला, 'चमचा'तला नव्हे. जे या अक्षराचा उच्चार नुक्त्याच्या ख़सारखा, घशातून.

देवनागरी एका बाबतीत अपुरी पडते, ती म्हणजे आघात. आपल्याकडे शब्दातील जोर कोठे द्यावा यावरून अर्थ सहसा बदलत नाही, तेथे बदलतो. पहिल्या 'पा'वर जोर दिला तर 'पापा' म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर वडील. आघाताची तिरपी रेघ वहीत अवश्य काढावी, नाहीतर वडिलांची भाजी होईल.

व्याकरणात तर याहून मोठी चकित करणारी साम्ये आहेत. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठीत आपण म्हणतो, 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात'; कर्ता आंबा, क्रियापद आंब्याप्रमाणे, आणि माणूस चतुर्थीत. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. रचना हुबेहूब तीच. इंग्रजीतून शिकविणारे कार्यक्रम या एका क्रियापदासाठी पानभर समजावणी देतात आणि तरी शिकणारे अडखळतात; मराठी वाचकाला केवळ 'आवडणे' एवढे सांगितले की पुरे. डोके दुखते, तेही याच रीतीने: 'मे दुएले ला काबेसा'.

तसेच सजीव-निर्जीव कर्माचे. 'मी घर पाहतो', पण 'मी आईला पाहतो'. घराला प्रत्यय लागत नाही, आईला लागतो. स्पॅनिशमध्ये 'वेओ ला कासा', पण 'वेओ आ मि माद्रे'. माणूस कर्म असेल तर 'आ' हे अव्यय मध्ये येते. (येथे 'वेओ' हा शब्द वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे 'बेओ' असाच उच्चारावयाचा.) 'येतो', 'येतोस' म्हटले की 'मी' आणि 'तू' सांगावे लागत नाही, 'आब्लो', 'आब्लास' म्हणजे 'बोलतो', 'बोलतोस', आणि तेथेही सर्वनाम सुखेनैव गाळतात. 'आजोबा रोज गोष्ट सांगत' आणि 'आजोबांनी काल गोष्ट सांगितली' यांत जो फरक आपण न शिकता जाणतो, तोच 'कोंताबा' आणि 'कोंतो' यांत आहे. एवढेच काय, परकीय विद्यार्थी ज्याला घाबरतात तो स्पॅनिशचा इच्छादर्शक अर्थ आपल्या 'यावे, करावे' या रूपांचा दूरचा भाऊ शोभेल: 'कियेरो के बेंगास' म्हणजे 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे'.

शब्दांचीही थोडी शिदोरी गाठीशी आहे. १५१० ते १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपण ज्याला पगार म्हणतो तो पोर्तुगीजांचा 'पगार', स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. पाव तेथे 'पान' होतो, चावीची 'याबे' होते. बटाट्याने मात्र घोटाळा केला आहे: स्पेनमध्ये 'बाताता' म्हणजे रताळे.

याचा अर्थ सर्व काही सुकर आहे असा नव्हे. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही, त्यामुळे आपले दूध तेथे स्त्रीलिंगी होते आणि पुस्तक पुल्लिंगी. 'मानो' म्हणजे हात. रूप पुल्लिंगी दिसते, पण शब्द स्त्रीलिंगी, आणि आपला हात पुल्लिंगी! उपपदे आपल्याकडे नाहीत, ती शिकावीच लागतात. आपल्या एका 'असणे' क्रियापदाच्या जागी तेथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन आहेत. एखाद्या बाईंनी 'एस्तोय आबुर्रिदा' म्हटले तर त्या कंटाळल्या आहेत. चुकून 'सोय आबुर्रिदा' म्हणाल्या तर आपण कंटाळवाण्या आहोत अशी त्यांनी कबुली दिली. यांत मराठी मदतीला येत नाही. तेथे यंत्राच्या आवृत्त्याच कामी येतात.

यंत्र कोठे थांबते, हे मला वडोदऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून उमजले. त्यांची कन्या स्पेनमध्ये वालेन्सिया येथे असते, जावई तेथलेच. सहा वर्षांच्या नातवाला मराठी थोडे कळते, बोलता येत नाही. दर रविवारी पडद्यावर भेट होई, पण आजी-नातवाचे प्रत्येक वाक्य आईच्या मार्फत जाई, आणि आई स्वयंपाकघरात गेली की दोघेही एकमेकांकडे पाहून नुसती हसत. बाईंनी वयाच्या पासष्टीत स्पॅनिशचा प्राथमिक कार्यक्रम घेतला. चार महिने एक दिवस खाडा नाही. 'मुलगा सफरचंद खातो', 'बाई पाणी पिते' ही वाक्ये त्या बिनचूक लिहू लागल्या. मग एका रविवारी नातवाने विचारले, 'के आसेस?', म्हणजे 'काय करतेस?', आणि बाईंना काहीही सुचेना. दोन्ही शब्द त्यांना येत होते. चित्रांतील चार उत्तरांतून योग्य ते निवडणे निराळे आणि रिकाम्या हवेतून शब्द ओढून आणणे निराळे. शिवाय त्यांचा कार्यक्रम लॅटिन अमेरिकेच्या वळणाचा होता. नातू 'ग्रासियास'मधला स जीभ दातांत धरून काढी आणि आजीची दुरुस्ती करी.

त्यांनी कार्यक्रम सोडला नाही, पण त्याची आज्ञा पाळणे सोडले. वहीच्या उलट बाजूने त्यांनी सहा वर्षांचे मूल खरोखर काय बोलते त्याची यादी केली: 'मिरा' म्हणजे बघ, 'ओत्रा बेस' म्हणजे पुन्हा एकदा, 'कुएंतामे उन कुएंतो' म्हणजे मला गोष्ट सांग. मुलीकडून ती तपासून घेतली. नंतर त्यांनी चिऊकाऊची गोष्ट सांगावयाची ठरविली. येथे अडचणींना तोटा नव्हता. कावळा, मेण, शेण हे शब्द प्राथमिक कार्यक्रमाच्या जवळपासही फिरकत नाहीत; तेथे विमानतळ आणि उपाहारगृहे यांचेच राज्य. शब्दकोशातून 'कुएर्बो' आणि 'सेरा' मिळाले. चिमणीला 'गोर्रियोन' म्हणतात, पण तो शब्द पुल्लिंगी निघाला. आपली चिऊताई दादा व्हावयास तयार होईना. तेव्हा बाईंनी तिच्यामागे 'सेन्योरा' ही पदवी लावून दिली. पावसाने कावळ्याचे घर वाहून गेले, हे वाक्य भूतकाळात सांगण्यासाठी त्यांना दोन संध्याकाळ लागल्या. गोष्ट सहा मिनिटांची झाली. आई मध्ये नव्हती. संपल्यावर नातू म्हणाला, 'ओत्रा बेस', आणि बाईंनी ती पहिल्यापासून पुन्हा सांगितली. त्या मला म्हणाल्या, की नातू 'तू' म्हणतो तेव्हा तो तेथल्या रीतीने बोलतो की आपल्या, हे कळत नाही. आजीला 'तू' म्हणण्याची चाल दोन्हीकडे आहे.

घरी शिकू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कार्यक्रम निवडताना तो स्पेनची भाषा शिकवितो की लॅटिन अमेरिकेची, हे प्रथम पाहावे. व्यवहार दोन्हींनी चालतो. पण अनेकांना उद्देशून 'तुम्ही' म्हणण्यासाठी स्पेनमध्ये 'बोसोत्रोस' हे सर्वनाम आणि त्याची स्वतंत्र क्रियापदे रूढ आहेत, लॅटिन अमेरिकेत ती वापरीत नाहीत. नातेवाईक किंवा नोकरी ज्या देशात असेल तिकडचे वळण निवडावे. पैसे भरण्याची घाई करू नये. विनामूल्य भागात महिनाभर नियमाने बसलात तरच वर्गणीचा विचार करावा, आणि वर्गणी दरवर्षी आपोआप पुढे चालू राहते काय, हे आधी वाचून घ्यावे.

वेळेविषयी स्पष्ट बोललेले बरे. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेच्या अनुभवाप्रमाणे, इंग्रजी भाषकास स्पॅनिशमध्ये व्यावसायिक कामकाजापुरते प्रावीण्य येण्यास वर्गातील सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. रोज २० मिनिटे बसणाऱ्याचे वर्षात सुमारे १२० तास भरतात. म्हणजे तीन महिन्यांत अस्खलित बोलू लागण्याची आशा कोणी दाखविली तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. पण ही २० मिनिटे रोजची हवीत. रविवारी एकदम अडीच तास बसल्याने ती भरून निघत नाहीत. कारण वर सांगितलेच आहे.

बसाल तेव्हा प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणावे, घरातले हसले तरी. चार पर्याय दिसत असतील तर ते हाताने झाकून उत्तर आधी तोंडाने द्यावे, मग हात काढावा. उच्चार ऐकून गुण देण्याची सोय पुष्कळ कार्यक्रमांत असते. ती शाबासकी फार मनावर घेऊ नये, कारण 'टोमाटे'लाही ती कधी कधी मिळून जाते. २०२३ पासून काही कार्यक्रमांत कृत्रिम बुद्धिमत्तेशी संभाषण करता येऊ लागले आहे. लाजाळू माणसाला त्याचा उपयोग आहे, कारण तेथे चुकण्याची भीती वाटत नाही. मात्र ते यंत्र आपल्यासाठी हवा तितका वेळ थांबते. सहा वर्षांचा मुलगा थांबत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांनंतर आठवड्यातून एकदा तरी कोणाशी प्रत्यक्ष बोलण्याची व्यवस्था करावी. स्पॅनिश शिकणारा दुसरा मराठी भाषकही चालेल.

आपली प्रगती अजमावून पाहावी असे वाटल्यास त्यासाठी परीक्षाही आहेत. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात भाषाज्ञानाच्या 'ए-१'पासून 'सी-२'पर्यंत सहा पायऱ्या मानल्या आहेत, आणि 'डेले' ही स्पॅनिशची परीक्षा त्याच पायऱ्यांप्रमाणे घेतली जाते. स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेल्या सेर्वांतेस संस्थेचे केंद्र नवी दिल्ली येथे २००९ साली उघडले. प्राथमिक कार्यक्रम मनापासून पुरा केलेल्या माणसाने 'ए-१'च्या परीक्षेचे नमुने घरी सोडवून पाहावेत. लेखी भाग बहुधा सोपा जाईल. तोंडी भागासाठी समोर कोणाला तरी बसवून तयारी करावी.